बाबांच्या बोटीचा परवाना आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना समुद्र बंद. हे ६१ दिवस वरळी कोळीवाड्यात बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, गल्लीबोळात जाळ्यांची दुरुस्ती चाललेली असते, आणि आमच्या घरात माझं ठरलेलं काम सुरू होतं, बोटीच्या कागदांचं. नूतनीकरण झालेला परवाना नारळी पौर्णिमेच्या बराच आधी हातात असला की १ ऑगस्टला बोट पाण्यात घालताना बाबांना कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

मी लोअर परळला एका कंपनीत हिशेब बघते. दिवसभर जीएसटीचं पोर्टल उघडं असतं, त्यामुळे ऑनलाइन अर्जाची मला भीती वाटत नाही. आधी घरचे कागद माझ्याकडे आले, मग काकांचे, मग गल्लीतल्या इतरांचे. दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि दरवर्षी त्याच अडचणी. म्हणून यंदा सगळं एका जागी लिहून काढतेय. यातलं एकच सांगणं लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे. ज्याची बोट, त्याच्याच घरातला मोबाईल नंबर त्या खात्याला जोडलेला पाहिजे.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण अर्धी भांडणं इथेच होतात. बोटीचे कागद दोन असतात. एक नोंदणी प्रमाणपत्र, दुसरा मासेमारीचा परवाना. रिक्षाचं आरसी बुक वेगळं आणि परमिट वेगळं, तसंच हे. नोंदणी ही बोटीची ओळख. तिची लांबी-रुंदी, बांधणी, इंजिन आणि मालक कोण, हे त्यात असतं आणि ती मर्चंट शिपिंगच्या कायद्याखाली होते. परवाना हा त्या बोटीने कोणतं जाळं घेऊन मासे धरायचे याची परवानगी. तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी देतो. परवान्याला मुदत असते. मुदत संपली की नोंदणी कितीही जुनी आणि पक्की असली तरी बोट समुद्रात बिनपरवाना ठरते. ‘आमची तर नोंदणी हाय’ असं म्हणून निर्धास्त बसलेले लोक मी पाहिलेत. नोंदणीने ते काम भागत नाही.

दोन्ही कामं आता केंद्राच्या रिअलक्राफ्ट नावाच्या पोर्टलवर होतात. एनआयसी या केंद्राच्याच संगणक-संस्थेने बनवलेलं हे पोर्टल देशातल्या सगळ्या किनारी राज्यांसाठी एकच आहे. मालकाने खातं उघडायचं, बोटीच्या नंबरावरून आपली बोट शोधायची, नूतनीकरणाचा अर्ज भरायचा, कागद आणि फोटो चढवायचे, फी भरायची. मग अर्ज खात्याकडे जातो, माणूस येऊन बोट बघून जातो, आणि मंजुरी मिळाली की परवाना उतरवून घेता येतो. वाचायला सोपं वाटतं. खरी मेहनत फोटोंची आणि जुने कागद शोधण्याची असते, त्याकडे येतेच.

त्याआधी ओटीपी. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं खातं काही वर्षांपूर्वी एका एजंटने उघडून दिलं होतं. त्यात मोबाईल त्याचा, ईमेलही त्याचा. काकांना पासवर्ड माहीत नव्हता आणि दरवर्षी पैसे दिले की कागद घरी येत होता, म्हणून त्यांनी कधी विचारलंही नाही. मग एका जुलैत एजंटचा फोन लागेना. काका माझ्याकडे आले तेव्हा पंधरवड्यात बोट सोडायची होती. ओटीपी एका बंद नंबरावर जात होता. ऑनलाइन म्हणवणाऱ्या त्या कामासाठी काका आधार, नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र आणि लेखी अर्ज घेऊन ऑफिसच्या पायऱ्या चढत राहिले, तेव्हा कुठे नंबर बदलून मिळाला. तोवर १ ऑगस्ट उलटून गेली होती. पहिल्या पाण्याचं म्हावरं गेलं ते गेलंच, आणि ज्यांना आगाऊ देऊन ठेवलं होतं ते दोन खलाशी दुसऱ्या बोटीवर चढले.

एजंट वाईटच असतो असं मला म्हणायचं नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याचा दिवस भरती-ओहोटीवर ठरतो, त्याने कुणाची तरी मदत घ्यायलाच हवी. पण मदत घेताना मोबाईल आपला द्या. तुमचा साधा फोन असला तरी ओटीपीचा एसएमएस त्यावर येतो. ईमेल मुलाचा, मुलीचा, सुनेचा द्या. पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही जिथे बोटीचे कागद असतात तिथेच ठेवा. बाबांच्या बोटीच्या खात्याला माझा नंबर आहे, आणि लग्न होऊन मी दुसरीकडे गेले तर तो भावाच्या नावे बदलायचा हे आत्ताच ठरलेलं आहे.

आता फोटो. बोटीचा नंबर आयएनडी, एमएच, मग जिल्ह्याचा आकडा, यांत्रिक बोटीसाठी एमएम आणि मग बोटीचा क्रमांक, असा असतो. तो नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी ठळक रंगवलेला आणि फोटोत वाचता येईल असा हवा. बोट शाकारायच्या आधीच हे फोटो काढून ठेवा. एकदा प्लास्टिक आणि ताडपत्री चढली की पावसात ती कोण उघडणार? संपूर्ण बोट एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, नंबराचा जवळून आणि इंजिनाचा, एवढे फोटो मी मे महिन्याच्या अखेरीलाच घेते, दुपारच्या ओहोटीला, आमच्या कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरावर.

इंजिनाचा फोटो हे सगळ्यात चिकट काम. आमची फायबरची छोटी बोट, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. नंबरची पट्टी इंजिनाच्या खालच्या अंगाला, तेलाच्या आणि खाऱ्या पाण्याच्या थराखाली. बाबा आधी रॉकेलचा बोळा फिरवतात, मग तारेच्या ब्रशाने हलक्या हाताने घासतात. जोरात घासलं तर कोरलेले आकडेच झिजतात. पट्टी कोरडी झाली की मी तिच्यावर पांढरा खडू आडवा घासते आणि बोटाने वरवर पुसते. खडूची पूड खाचांमध्ये बसते आणि आकडे उठून दिसायला लागतात. टॉर्च समोरून मारायचा नाही, बाजूने तिरका धरायचा. एवढं करूनही ८ आहे की इंग्रजी बी, शून्य आहे की ओ, हे बिलावरून ताडून बघावं लागतं. आणि ते बघाच. नोंदणीत एक अक्षर आणि फोटोत दुसरं दिसलं की अर्ज परत येतो, आणि परत आलेला अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी लागतो.

नावांचंही तसंच. आधारवर एक स्पेलिंग, नोंदणीवर दुसरं, मच्छीमार सोसायटीच्या दाखल्यावर तिसरं. आमच्यात आडनाव लावायची पद्धतही घराघरात वेगळी. कुणी कोळी लावतं, कुणी घराण्याचं नाव लावतं. आधी आधार आणि नोंदणी एकसारखी करून घ्या, मग नूतनीकरणाला हात घाला. जून महिना त्यासाठीच आहे.

ओळख पटवायला मशीनवर ठेवाव्या लागणाऱ्या अंगठ्याबद्दल मात्र मला नीट लिहायचंय, कारण याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना होतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आपल्या किनाऱ्याजवळ आले. त्यानंतर समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवणं सुरू झालं. मच्छीमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोट सुटताना बंदरावर टोकन घेणं आलं, कोण कोण खलाशी चढलेत याची नोंद आली. ते व्हायलाच हवं होतं. त्या रात्रीनंतर आमच्याच माणसांकडे संशयाने बघितलं गेलं होतं, ओळखपत्राने ते थांबलं. पण माझ्या बाबांनी चाळीसहून जास्त वर्षं दोर ओढलाय. नायलॉनचा दोर, मीठ, बर्फ. त्यांचा अंगठा मशीनवर ठेवला की लाल दिवा लागतो. पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला, तरी लालच. सेवा केंद्रातला मुलगा वैतागला तेव्हा बाबा हात मागे घेऊन म्हणाले, ‘‘माजे आंगठ्याला रेघाच नाय रायल्या, तू काय करशील?’’

मला तेव्हा फार लागलं. हाताच्या रेषा गेल्या त्या याच धंद्यात, आणि तोच हात या धंद्याचा पुरावा म्हणून चालेना. अशा वेळी दोन मार्ग असतात आणि ते हक्काने मागावेत. डोळ्यांचं स्कॅनर असेल तर बुबुळावरून ओळख पटते. नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. बाबांच्या आधारला मोबाईल जोडलेला होता म्हणून काम झालं. ज्यांचा जोडलेला नाही त्यांनी आधार केंद्रात जाऊन हे पहिलं करून घ्यावं, मग बाकी सगळं.

अर्जात जाळ्याचा प्रकार विचारतात, तो रकाना घाईत भरू नका. गिलनेट, डोल, ट्रॉल, पर्ससीन, जे परवान्यावर लिहिलंय तेच जाळं बोटीवर असायला हवं. थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यावर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आणले, आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरलं. आमच्यासारख्या काठाजवळ जाळं टाकणाऱ्यांसाठी तो आदेश जिव्हाळ्याचा आहे, कारण पर्ससीनवाला एका फेऱ्यात अख्खा थवा उचलतो आणि एलईडीवाला रात्री दिवे पेटवून मासा गोळा करतो. २०२१ मध्ये १९८१ च्या कायद्यात सुधारणा झाली. एलईडीने मासेमारी केली तर दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत गेला, आणि पूर्वी तहसीलदाराकडे चालणारी प्रकरणं मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आली. ९ जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावरच्या सातही जिल्ह्यांत ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. वरून बोटीचा नंबर टिपला की ती कुणाची आणि तिच्याकडे कोणता परवाना आहे हे ताडून बघता येतं. परवान्याचं हे सगळं लचांड कशाला, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच असतं. चोरट्या बोटीला पकडायचं तर प्रामाणिक बोटीचा कागद आधी चोख हवा. आपलेच कागद मुदत संपलेले असतील तर परराज्यातल्या ट्रॉलरविरुद्ध तक्रार करायला कोणत्या तोंडाने जायचं?

पाहणीला माणूस येतो तेव्हा घरचं कुणीतरी बोटीजवळ थांबा. लाइफ जॅकेट आणि लाइफबॉय नुसते असून चालत नाही, ते हाताशी ठेवा. आता इस्रोचे ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरून संदेश देणारी-घेणारी यंत्रंही बोटींवर बसवली जातायत. एक लाख बोटींसाठीच्या या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाली. मोबाईलची रेंज संपते तिथेही त्यावरून काठावर संदेश धाडता येतो आणि वादळाचा इशारा बोटीपर्यंत पोचतो. ज्या घरातली माणसं वादळात अडकलीत त्या घराला याची किंमत कळते.

परवान्यावर काय काय अवलंबून आहे ते आता सांगते, कारण ‘एक वर्ष नाय केला तर काय बिघडते’ हे वाक्य मला दर हंगामात ऐकू येतं. सोसायटीतून घेतलेल्या डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा चालू परवाना असलेल्या बोटीलाच मिळतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळायला लागलं, पण बँकवाला पहिला कागद हाच मागतो. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली आणि हंगाम धुऊन गेला. सरकारने २०२० मध्ये पासष्ट कोटींचं पॅकेज दिलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांची धावपळ कागदांसाठीच झाली. बोट होती, नुकसान झालं होतं, पण कागद अपुरे होते.

मुंबईच्या कोस्टल रोडचं काम चाललं तेव्हा तर हे डोळ्यांदेखत पाहिलं. क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर पडायची वाट पुलाच्या खांबांमधून जाणार होती. खांबांमधलं अंतर ६० मीटरचं ठरलं होतं. खवळलेल्या समुद्रात तेवढ्या फटीतून बोट घालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. कोळीवाड्याने काम अडवलं, बायका-पुरुष बोटी घेऊन उभे राहिले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. आमची मागणी त्याहून जास्त होती. नुकसानभरपाईचा विषय आला तेव्हा मात्र प्रश्न एकच होता, बोटीची नोंदणी दाखवा, परवाना दाखवा. शेकडो वर्षं इथे राहणाऱ्या माणसाला आपण इथे मासे धरतो हे एका कागदाने सिद्ध करावं लागलं. ज्यांनी दरवर्षी निमूटपणे नूतनीकरण केलं होतं, त्यांच्याकडे निदान दाखवायला तरी काही होतं.

विम्याचंही लिहिते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व असेल तर अडीच लाख, आणि अपघाताने इस्पितळात राहावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. त्यासाठी मालकच असावं लागतं असं नाही, खलाशीही त्यात येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू केला, त्यावर बोटमालकाबरोबर खलाशी आणि मासे विकणाऱ्या बायकाही स्वतःच्या नावाने नोंद करू शकतात. परवान्याचं काम करायला बसाल त्याच दिवशी ही नोंदही करून टाका.

बायकांचा विषय निघालाच आहे तर माझ्या मनातलं सगळ्यात मोठं दुखणं सांगते. आमच्या पुढच्या आळीतल्या एका मावशीचा नवरा गेला. बोट त्याच्या नावावर. पैसा दोघांचा, म्हावरं विकायची ती, इंजिनाचं कर्ज फेडलं तिने डोक्यावर पाटी घेऊन. पण नोंदणीत तिचं नाव कुठेच नाही. मालक मयत, म्हणून परवाना पुढे जाईना. वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र, सोसायटीचा दाखला. एक मुलगा परगावी, एक मुलगी सासरी. सह्या गोळा होईपर्यंत बोट काठावर उन्हात तापत पडली आणि त्या हंगामात घरात दुसऱ्याच्या बोटीचं म्हावरं विकत घेऊन विकलं गेलं. मावशी एकदा माझ्यासमोर कागदांची पिशवी ठेवून म्हणाली, ‘‘बोट माजीच व्हती ना गो?’’ मी काय बोलणार होते? कागदावर ती नव्हती.

बोटीची मालकी एकापेक्षा जास्त जणांच्या नावे ठेवता येते. नवीन बोट घेताना किंवा मालकी बदलताना बायकोचं नाव लावून घ्या, हे मी आता प्रत्येकाला सांगते. काही पुरुष हसतात. पण आई पहाटे साडेतीनला उठून ससून डॉकच्या मासळी बंदरात जाते, बर्फ तिच्या हिशेबात, खलाशांचं जेवण तिच्या हिशेबात, जाळ्याचा खर्च तिच्या हिशेबात. मग बोटीच्या कागदावर ती का नको?

बाबांना मी हे गेल्या हंगामात पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते गप्प राहिले. मावशीचं झालं त्यानंतर त्यांनी स्वतःहून विषय काढला. यंदाचं नूतनीकरण बाबांच्या एकट्याच्या नावाने झालंय, परवाना उतरवून लॅमिनेट केलेली प्रत केबिनमध्ये आणि मूळ प्रत कपाटात आहे. आता आईचं नाव नोंदणीत चढवायचं आहे. त्यासाठी तिचं आधार, पॅन, सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला आणि दोघांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र जमवलंय. आधारवर तिचं नाव माहेरचं होतं, ते दुरुस्त होऊन आलं. सोसायटीची बैठक येत्या रविवारी आहे, तिथे दाखल्यावर सही झाली की सोमवारी अर्ज चढवते.